हिरवा कोट, डाव्या बाहीखाली

कप फुटला तो तिच्याच हातून. चहाने अर्धा भरलेला, निळ्या रेघेचा कप ओट्यावरून टेबलापर्यंत नेता नेता बोटांतून निसटला आणि फरशीवर पडून त्याचे चार मोठे आणि बरेच बारके तुकडे झाले. त्यात विशेष काही नव्हतं. बहात्तराव्या वर्षी बोटं असा दगा देतातच, आणि कप काही सोन्याचा नव्हता. पण आवाज ऐकून मुलगा आतल्या खोलीतून आला आणि दारात थांबला. त्याने आधी फरशीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचे ओठ हलू लागले. एक, दोन, तीन. आवाज नव्हता, नुसते ओठ. चारला त्याने डाव्या मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा सोडला. सातला घड्याळ फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी नीट ठेवलं. दहा झाल्यावर तो हसला.

"बघ आई, काही नाही," तो म्हणाला, आणि वाकून तुकडे गोळा करू लागला.

ती ओट्याला पाठ टेकून उभी होती. तिच्या लक्षात आलं, आपणही मोजत होतो. तो दहावर थांबला होता, ती पुढे जात राहिली होती आणि सव्वीसला थांबली होती. जुन्या घराच्या जिन्याला सव्वीस पायऱ्या होत्या. ते घर सोडूनही आता वीस वर्षं झाली होती, नवरा जाऊन चौदा, तरी अंगातला आकडा काही बदलला नव्हता. टपाल कचेरीतून तो संध्याकाळी यायचा आणि खालच्या पायरीवर बूट वाजला की ती मोजायला लागायची. पावलं सारखी पडली तर तो दिवस बरा. बाराव्या-तेराव्या पायरीवर तो थांबला, तर समजायचं. वर येऊन तो काहीच बोलायचा नाही. चष्मा काढायचा, रुमालाने पुसायचा, काड्या मिटून डबीत ठेवायचा. डबीचं झाकण 'टक्' वाजायचं. त्या आवाजाच्या आधी कधीच काही झालं नाही आणि त्या आवाजानंतर कधी चुकलं नाही. चष्मा जर्मन काचेचा होता, महाग होता. सगळ्या संसारात कपबशा फुटल्या, एक आरसा फुटला, तिचा एक दात गेला, पण चष्म्याला चरा म्हणून कधी पडला नाही.

"आई, चहा करू का दुसरा?" मुलगा विचारत होता. ओल्या फडक्याने फरशी पुसताना त्याचं उघडं मनगट पांढरं दिसत होतं, घड्याळाखालचं कातडं असतं तसं. कदाचित त्याने घड्याळ चहा लागू नये म्हणून काढलं असेल. सरळ आहे. ओल्यात हात घालायचा तर माणूस घड्याळ काढणारच. तिने स्वतःला हे दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा तिचा स्वतःवर विश्वास बसला नाही.

"नको," ती म्हणाली. "उशीर होईल. अकराला तिथे पोचायचंय."

तिथे म्हणजे रागाच्या क्लासला. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं, पण त्यातले सगळे त्याला रागाचा क्लासच म्हणत, पोरं शिकवणीला जातात तसं. बायकोच्या हाताची दोन बोटं मोडल्याबद्दल मुलाने अकरा महिने तुरुंगात काढले होते आणि उरलेली शिक्षा दोन अटींवर बाहेर काढायची परवानगी मिळाली होती. बारा आठवडे क्लास करायचा, आणि बारा आठवडे आईकडे राहायचं. आईने रोज एका कागदावर खूण करायची. 'आज रागाचा प्रसंग घडला का? किती वेळा?' बारा आठवड्यांचे चौऱ्याऐंशी चौकोन होते. त्र्याऐंशी चौकोनांत तिने शून्य लिहिलं होतं, गोल, एकसारखं, बटणांच्या ओळीसारखं. आज शेवटचा चौकोन आणि त्याखाली तिचा अभिप्राय आणि सही. सही झाली की मुलगा त्याच्या घरी परत जाऊ शकत होता. त्या घरात सून होती आणि आठ वर्षांची नात होती. घर मुलाच्या नावावर होतं. सुनेला जायला दुसरीकडे जागा नव्हती. तिने क्लासला एका ओळीचं पत्र पाठवलं होतं, 'मला विचारू नका, मी सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं नाही.' म्हणून आता सगळं येऊन थांबलं होतं ते सासूच्या सहीवर.

ती कपडे बदलायला आत गेली. कपाटाच्या तळाशी, जुन्या चादरींच्या खाली, हिरवा कोट होता. तो बाहेर काढायचा असं तिने ठरवलं नव्हतं. तिचा हात तिकडे गेला इतकंच. लोकरी, बाटलीच्या काचेसारख्या हिरव्या रंगाचा, सुनेच्या मापाचा. तिने तो अंगात घातला. खांद्याला थोडा सैल झाला. हातपिशवीत कागद होता, चष्मा होता, आणि सवयीने असायची तशी टोकदार छोटी कात्री होती.

दारात मुलाने तिच्याकडे पाहिलं. "छान आहे कोट. नवा घेतलास?"

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. "नाही," ती म्हणाली, "बरेच दिवस माझ्याकडे पडून होता."

रस्ता सरळ होता, दहा मिनिटांचा. दुकानांची शटरं वर जात होती, एक बाई पायऱ्या धूत होती, सायकल दुरुस्त करणारा चाक उलटं टांगून फिरवत होता. मुलगा तिच्या बाजूने, तिच्या चालीने चालत होता. चौकात त्याने तिचा कोपर धरला. चांगला वागत होता तो. बारा आठवडे चांगलाच वागला होता. नळाचा वायसर बदलून दिला, खिडकीला रंग दिला, शेजारणीची पिठाची पिशवी वर आणून दिली. शेजारीण म्हणाली होती, "देवमाणूस आहे हो तुमचा मुलगा." टपाल कचेरीतली माणसं तिच्या नवऱ्याबद्दल अक्षरशः हेच म्हणायची. खिडकीवर लोक त्याला वाटेल ते बोलत. एकाने एकदा तिकिटांचा ताव तोंडावर फेकला होता. तो हसून म्हणाला होता, "राहू द्या साहेब, चुकून होतं." कचेरीतल्या त्याच्या साहेबाने सांगितलेली ही गोष्ट, कौतुकाने. त्या दिवशी तो पायऱ्या चढताना दोनदा थांबला होता. म्हणजे राग त्याने आठ तास आवरला होता. खिडकीवर, कचेरीत, रस्त्यात, सव्वीस पायऱ्या, चष्म्याची डबी मिटेपर्यंत आवरला होता. राग आवरण्यात त्याच्याइतका हुशार माणूस तिने आयुष्यात दुसरा पाहिला नाही. त्याला कुठल्या क्लासला घातलं असतं, तर पहिला नंबर आला असता.

तिच्या सुखाची जागा वेगळी होती. मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर शिवणखोली होती, तिथे तिने एकतीस वर्षं रफू केला. उत्तरेकडे तोंड करून लांब खिडकी, खिडकीखाली लांब टेबल, टेबलाशी सहा बायका. धुलाईतून येणाऱ्या गरम चादरींचा वास, इस्त्रीची वाफ, आणि दिवसभर हसणं. आता ते हसणं आठवलं की तिला वाटे, एवढं हसायला त्या काळी काय होतं आपल्याकडे? कुणाची सासू, कुणाचं वेंधळं पोर, डॉक्टरच्या पँटला मागून पडलेलं भोक. "डॉक्टर, उभे राहा तसेच, शिवते," असं एक जण म्हणाली होती आणि डॉक्टर खरंच उभा राहिला होता. तिथल्या मुख्य बाईंनी तिला काम शिकवलं. सुई शिकवायच्या आधी त्यांनी फाटणं शिकवलं. "आधी बघ कसं फाटलंय ते," त्या म्हणत. "कापड खोटं बोलत नाही, नेसणारा बोलतो." खिळ्याला अडकून फाटलं की कोपरा होतो, दोन बाजू, आणि कोपऱ्याशी धागे कुरतडल्यासारखे. झिजून फाटलं की आजूबाजूचं कापड पातळ, उजेडात धरलं की जाळी दिसते. हाताने ओढून फाटलं की ते शिवणीपासून सुरू होतं, धाग्याच्या रेषेत सरळ जातं, आणि कडेचे धागे ताणून लांब झालेले असतात, केसांसारखे. हे एकदा कळलं की विसरता येत नाही. रोग्यांचे कपडे दुरुस्तीला यायचे, त्यांतले कितीतरी तसे असायचे. मुख्य बाई ते कापड टेबलावर उलटं पसरायच्या, क्षणभर गप्प बसायच्या आणि म्हणायच्या, "चला, सांधा." त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून दोरा उसवून काढायचा, त्याच दोऱ्याने एक उभा एक आडवा विणत जायचं. रंगात फरक नाही, पोतात फरक नाही. बोटांनी चाचपलं तरी कळू नये, हा त्या खोलीचा अभिमान होता. सगळ्या बायका त्याला मोठी विद्या समजत. तीही समजत असे. रफूमावशी म्हणत तिला, वरच्या मजल्यावरच्या नर्ससुद्धा.

सून हिरवा कोट घेऊन आली होती ती लग्नाच्या तिसऱ्या वर्षी. "आई, दाराच्या कडीला अडकला," ती म्हणाली होती. डावी बाही काखेपासून खाली वीतभर उघडी होती. सरळ रेषेत. धागे केसांसारखे लांब. तिने कोट मांडीवर घेतला, उजेडात धरला, आणि सुनेने तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, ती थांबली होती. आज बारा आठवडे रोज ते थांबणं तिला आठवत होतं. पोरीने सांगायचं तेवढं सांगून टाकलं होतं, एका सासूला, जी सबंध शहरात कापड वाचू शकणारी एकटी असेल. आणि त्या सासूने काय केलं? म्हणाली, "ठेव. परवा ने." दोन दिवस खिडकीशी बसून तिने असा काही रफू केला की मुख्य बाई जिवंत असत्या तर पाठ थोपटली असती. सून कोट न्यायला आली तेव्हा तिने बाही उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "काहीच झालं नाही असं वाटतं." तेव्हा ते तिला कौतुक वाटलं होतं. त्यानंतर एक पोलकं आलं, नातीचा एक सदरा आला, पुन्हा कोट. सगळं तिने सांधून दिलं.

मग बोटं मोडली, खटला उभा राहिला. सून म्हणाली, हे पहिल्यांदा नाही. तिने कोट दाखवला. मुलाच्या वकिलाने कोट दिव्याखाली धरला, बाही ओढून पाहिली, आतून पाहिली. "कुठे फाटलाय?" त्याने विचारलं. "मला तर दिसत नाही. साहेब, आपल्याला दिसतंय का?" मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. एक शब्द बोलली असती तर पुरे होतं. फक्त म्हणायचं होतं, मी सांधलाय, काखेपासून खाली वीतभर, दोरा आतल्या शिवणीतला आहे, उसवून दाखवते. ती बोलली नाही. मग निकालात आलं, पूर्वीचा काही इतिहास नाही, एकदाच रागाच्या भरात घडलेला प्रकार, सुधारणेस वाव. म्हणून अकरा महिने, म्हणून क्लास. बाहेर व्हरांड्यात सुनेने कोट तिच्या हातात कोंबला. "ठेवा तुमच्याकडे," ती म्हणाली होती. "काम तुमचंच आहे." तेव्हापासून ती तिला आई म्हणत नव्हती. काहीच म्हणत नव्हती.

क्लासची खोली एका जुन्या वाचनालयाच्या वर होती. खुर्च्या गोलात मांडलेल्या, फळ्यावर एक तापमापक काढलेला, खाली निळा, वर लाल. क्लासच्या बाई तिशीच्या होत्या, केस वर बांधलेले, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. वाईट मुलगी नव्हती. शेजारी देखरेख अधिकारी बसला होता, पोट टेबलाला टेकवून. कोपऱ्यात एक लॉरीवाला खुर्च्या रचत होता. त्याचा क्लास गेल्या वर्षीच संपला होता, तरी दर आठवड्याला तो येत असे, चहाचं भांडं लावायला. "सवय लागली मावशी," त्याने तिला एकदा सांगितलं होतं. "घरी कुणी नाही. बायको गेली ते बरं केलं तिने." आणि मग, भांडं विसळता विसळता, "मला राग वगैरे काही यायचा नाही हो. मला जिंकायचं असायचं. हे कळायला मला अडतीस आठवडे लागले. तीनदा नापास झालो." त्या एका माणसावर तिचा विश्वास बसला होता. तो आता दहापर्यंत मोजतही नव्हता.

"या आजी, बसा," बाई म्हणाल्या. "त्र्याऐंशी शून्यं! आमच्याकडे असा कागद क्वचित येतो. आज काय?"

"आज कप फुटला," ती म्हणाली.

"मॅडम, ते सांगतोच मी," मुलगा पुढे सरकला. "आईच्या हातून कप फुटला. आत काहीतरी वर चढतंय असं जाणवलं. मी थांबलो, ओळखलं, मोजलं, आणि साफ केलं. शिकवलंत तसं."

"शाबास," अधिकारी म्हणाला. "मी असतो तर बायकोचं डोकं खाल्लं असतं." तो स्वतःच हसला. "करा आजी सही. तुमचाही जीव मोकळा."

तिने पेन घेतलं नाही. "बाई, एक विचारू? तुमचा हा क्लास लागू पडतो का?"

"पडतो ना. निम्म्याहून जास्त लोक पुन्हा आमच्याकडे येत नाहीत."

"येत नाहीत हे कसं कळतं?"

"पुन्हा तक्रार आली, अटक झाली, तर कळतं."

"माझी तक्रार कधी आली नाही," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षं संसार केला. म्हणजे माझा नवरा तुमच्या कागदात बरा झालेला माणूस. त्याने तर क्लासही केला नाही."

खोलीत लॉरीवाल्याच्या हातातली खुर्ची मध्येच थांबली. मुलगा म्हणाला, "आई, बाबांचं काय काढतेस इथे?"

"चष्मा काढायचे रे ते आधी. डबीत ठेवायचे. तू जिन्याखाली बसायचास, कान झाकून. डबीचा आवाज तुलाही ठाऊक आहे." ती बाईंकडे वळली. "सुनेने कोर्टात सांगितलं होतं, तो आधी खिडकी लावतो, रेडिओ मोठा करतो, घड्याळ काढून ठेवतो. कुणी लिहूनसुद्धा घेतलं नाही ते. राग अनावर झालेला माणूस घड्याळाचा पट्टा सोडत बसतो का, बाई? तुम्ही याला आवरायला शिकवताय. आवरता त्याला येतंच. तो त्याच्या साहेबापुढे आवरतो, पोलिसापुढे आवरतो, चौऱ्याऐंशी दिवस माझ्यापुढे आवरतो, कारण सही माझ्या हातात आहे. आज कप फुटला तेव्हा चारला याने पट्टा सोडला."

"चहा सांडला होता!" मुलगा म्हणाला. आवाज अजून सरळ होता. "मॅडम, फरशी ओली होती. घड्याळ काढायचं नाही का माणसाने?"

"असेल," ती म्हणाली. "त्यासाठीच काढलं असेल. मी सांगू शकत नाही. एवढंच सांगू शकते की मला कळत नाही, आणि मला कळत नसेल तर या कागदाला काय कळणार?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी फळ्यावरच्या तापमापकाकडे पाहिलं. "आजी," त्या हळू म्हणाल्या, "काहींना लागू पडतो. ज्यांना बघायचं असतं स्वतःकडे, त्यांना. बाकीच्यांना आम्ही बोलायला शिकवतो फक्त. पण मला चौकोन भरून वर पाठवावे लागतात. माझ्याकडे दुसरं काही नाही हो."

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

तिने कोट काढला आणि टेबलावर उलटा पसरला. डावी बाही वर घेतली. चष्मा लावला, कात्री काढली. काखेखालच्या शिवणीपासून दोन बोटं खाली तिच्या नखाला ती जागा बरोबर सापडली. जगात फक्त तिच्याच नखाला सापडली असती. तिने पहिला टाका कापला. अधिकारी पुढे वाकला, "काय करताय आजी, चांगला कोट आहे!" ती आडवे धागे एकेक करून काढत गेली, मग उभे. एकतीस वर्षांत तिने स्वतःचं काम कधी उसवलं नव्हतं. सकाळी कप न पेललेली बोटं आता दगडासारखी स्थिर होती. शिवणखोलीतली लांब खिडकी आठवली, सहा जणींचं हसणं, आणि उलटं पसरलेलं कापड बघून गप्प होणाऱ्या मुख्य बाई. चला, सांधा. किती सांधलं आपण सगळ्यांनी मिळून, केवढ्या निगुतीने, आणि कुणाच्या सोयीसाठी. कोट वीतभर उघडला. सरळ रेषेत, केसांसारख्या लांब धाग्यांनिशी.

"हे दाराच्या कडीने होत नाही," ती म्हणाली. "कडीने कोपरा पडतो. हे हाताने ओढलंय, मागून, ती दूर जात असताना. बोटं मोडायच्या चार वर्षं आधी. मी सांधलं. म्हणून कोर्टाला दिसलं नाही." मग ती मुलाकडे वळली. "ओळखलास आता? सकाळी म्हणालास, नवा घेतलास का."

मुलाने कोटाकडे पाहिलं. त्याचे ओठ हलू लागले. एक, दोन, तीन. आणि त्याचा उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला. अंगठा पट्ट्याच्या बकलावर टेकला. टेबल कोरडं होतं. फरशी कोरडी होती. बाईंची नजर त्या अंगठ्यावर गेली, अधिकाऱ्याची गेली, कोपऱ्यातून लॉरीवाल्याचीही गेली. सगळे बघताहेत हे मुलाच्या लक्षात आलं, आणि तो हात ना पुढे गेला ना मागे.

"काढ," ती म्हणाली. "काढून ठेव नीट. मी इथेच बसलेय."

तो अगदी लहानपणीच्या आवाजात म्हणाला, "आई, तू माझी आई आहेस ना?"

"आहे की. म्हणून तर आज आले. तेव्हा नुसतीच बसले होते." तिने लॉरीवाल्याकडे बोट केलं. "याला विचार अडतीस आठवड्यांत काय कळलं ते. तुला कळलं की मला सांग. माझं दार उघडं आहे. तिचं नाही."

तिने कागद ओढून घेतला. चौऱ्याऐंशीवा चौकोन रिकामा ठेवला. अभिप्रायाच्या जागी, रफूच्या टाक्यासारख्या बारीक अक्षरात, तिने लिहिलं, 'याला राग आवरता येतो. आधीपासून येत होता. घरी पाठवू नये.' आणि खाली सही केली, पूर्ण नावाने. अधिकाऱ्याने कागद उचलून वाचला आणि पुन्हा वाचला. "हे कुठल्या रकान्यात टाकायचं?" त्याने बाईंना विचारलं. बाईंनी कागद त्याच्या हातातून घेतला. "मी टाकते," त्या म्हणाल्या. मग तिला म्हणाल्या, "आजी, कोट ठेवून जाल? वर दाखवायला."

"नाही," ती म्हणाली. "जिचा तिला देते. तिला दाखवायचा असेल तर ती दाखवेल. मी बरोबर येईन आणि या वेळी बोलेन."

तिने कोट पुन्हा अंगात घातला. जिना उतरताना तिने पायऱ्या मोजल्या नाहीत. सुनेचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. डाव्या बाहीखालून वारा सरळ आत येत होता, बरगड्यांना झोंबत होता, आणि तिला तो आवडला. तिने दार वाजवलं. आतून साखळी न काढताच दार चार बोटं उघडलं. सुनेने आधी तिचं तोंड पाहिलं, चेहरा दगडासारखा. मग खाली पाहिलं. कोट, बाही, बाहीखालची उघडी रेघ, लोंबणारे धागे.

"परत आणलाय," रफूमावशी म्हणाली. "जसा दिला होतास तसा."

सुनेने दार लोटलं. मग साखळी काढल्याचा आवाज झाला.